वाकणारा भाला

फार जुनी गोष्ट आहे, आज आठवतात त्या राज्यांच्याही आधीची. माणसं मात्र तेव्हाही आपल्यासारखीच दमायची.

एका बंदरावर बुधाजी नावाचा म्हातारा लोहार होता. जन्मभर घण मारून त्याचे खांदे कामातून गेले होते. त्याच्याकडे खेमा नावाचा खलाशी काम शिकायला आला. वल्ही मारून मारून तोही पार पिचला होता. उरलेलं आयुष्य जमिनीवर काढावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या बंदरावर लुटारू येत, आणि खेमाचा धाकटा भाऊ राणबा तिथेच पहाऱ्यावर असे. एकदा रोमक देशाचं, म्हणजे रोमचं, गलबत येऊन गेलं आणि एक भाला मागे राहिला. लाकडी दांडा, पुढे लांब बारीक लोखंडी सळई, टोकाला लहानसं पातं.

बुधाजी म्हणाला, "हुबेहूब असाच घडव. जमला की राणबाच्या हातात देऊ. आणि सळईला मऊ लोखंडच घे. कडक करायचं ते फक्त टोक, तेवढंच तापवून पाणी पाज."

खेमाने तो भाला आधी फळीवर फेकून पाहिला. टोक रुतलं, पण सळई वाकली. झालं, खेमाच्या मनात बसलं की माल कच्चा आहे.

"काका, ही मऊ कशाला?"

"सांगितलं तेवढं कर बाबा. किती बोलायला लावशील?" म्हणत बुधाजी बाजेवर आडवा झाला.

खेमाही भाता ओढून थकला होता. पुन्हा कोण विचारतो? भावाच्या हातात कच्चं हत्यार नको, म्हणून त्याने पोलादाची सळई घेतली, लाल तापवली आणि अख्खी पाण्यात बुडवली. भाला दिसायला अगदी तसाच झाला. बुधाजीने पडल्या पडल्याच 'ठीक आहे' म्हणून मान हलवली.

लुटारू आले. राणबाने भाला फेकला, तो लुटारूच्या ढालीत रुतला आणि ताठच राहिला. लुटारूने तो उपसला आणि उलट फेकला. तो वर्मी लागला, राणबा संध्याकाळपर्यंतच जगला.

भावाला अग्नी देऊन खेमा लोहारशाळेत आला. बुधाजी खाली मान घालून म्हणाला, "ती सळई वाकायलाच हवी होती रे. वाकला की भाला शत्रूच्या कामाचा राहत नाही. त्याला तो परत फेकता येत नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"जीव दमला होता."

खेमा भात्यापाशी खाली बसला. मग म्हणाला, "माझाही. नाहीतर मी पुन्हा विचारलं असतं."



लहानथोरहो, तात्पर्य एवढंच: शिकणाऱ्याने विचारायचा आणि शिकवणाऱ्याने सांगायचा कंटाळा केला, तर तो भलत्याच्याच जिवावर बेततो.