मुका भोंगा आणि घासलेले पट्टे

उद्या कुस्त्यांचं मैदान, आणि आज गावातल्या दोन भोंग्यांपैकी पश्चिमेचा मुका! टाकरवाडीच्या रंगराव सरकारांनी देवडी डोक्यावर घेतली.

"पूर्वेच्या लोकांनी निकाल ऐकायचा, आणि पश्चिमेच्यांनी काय माझं तोंड बघायचं?"

शहरातून आलेला पिंगळे मेकॅनिक देवडीच्या ओट्यावर ॲम्प्लिफायर उघडून बसला होता. आतल्या बोर्डावरचा एक बारका पार्ट जळून कोळसा झालेला.

"सरकार, हा कोणता होता ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. अख्खा बोर्डच मुंबईहून मागवू. पंधरा दिवस!"

आता असला पार्ट अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात. पण ह्या बहाद्दराने मागच्या खेपेलाच बोर्डावरचे एकूणएक पट्टे नि नंबर पॉलिश पेपरने घासून टाकले होते. का? तर दुसऱ्या कुणाला दुरुस्ती जमू नये! आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचं राहिलं ते राहिलंच. गाढवपणाला काय शिंगं असतात?

देवडीसमोर तांबटांची सुंद्रा बसायची. बाप-आज्यांनी तिथंच कथलाचे डाग देऊन फुटकी भांडी सांधली. भांडी कमी झाली, तशी ही तोच हात रेडिओवर चालवू लागली.

"सरकार, मी बघू का?"

पिंगळे फिसकन हसला. "घागरी सांधणारी बाई! हिचा हात लागला तर उरलेला भोंगाही बोंबलेल!"

सरकार पडले हट्टी. मिशीला पीळ देत म्हणाले, "मग पैज! सुंद्रे, यंत्राला बोट न लावता सांग, जळला तो पार्ट कोणता. बरोबर निघालं तर मागशील ते देईन. चुकलीस तर देवडीसमोरचं बस्तान आजच्या आज उचलायचं!"

सुंद्राने एकवार आपल्या बस्तानाकडे पाहिलं. ती जागा गेली तर चूल विझली! पण मागं सरेल ती सुंद्रा कसली? ती वाकून बोर्ड न्याहाळू लागली. भोंगे दोन, म्हणून बोर्डाच्या बाजूही दोन, एकसारख्या. डावीकडे कोळसा, तर नेमका तिथंच उजवीकडे त्याचा जुळा भाऊ धडधाकट.

"मेलेला बोलत नसेल, तर त्याच्या जुळ्याला विचारते."

"विचार की! त्यालाही मुका करून ठेवलाय मी!" पिंगळे बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सरकारांची भुवई वर गेली. "तुम्ही? करून ठेवलाय?"

सुंद्राने फणेरपेटीतला बोटभर आरसा काढला, बोर्डाच्या कडेला तिरपा धरला, त्यातूनच उन्हाची तिरीप त्या जुळ्याच्या पोटाखाली सोडली आणि म्हणाली,

"पिवळा, जांभळा, तपकिरी! चारशे सत्तर ओहमचा रेझिस्टन्स. अर्ध्या चहाची किंमत, आणि माझ्या डब्यात चार पडलेत!"

"लाव!" सरकार गरजले.

तिने भोंग्याची वायर आधी पाहिली. उंदरांनी कुरतडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणूनच पार्ट जळला होता. तारा वेगळ्या करून सांधल्या, नवा पार्ट डागला, बटण दाबलं. पश्चिमेचा भोंगा म्हाताऱ्यासारखा खाकरला आणि घुमू लागला!

सरकार माईकशी सरकले. "पण पोरी, खाली रंग उरला असेल हे तुला कळलं कसं?"

"सरकार, पट्टे बांगडीसारखे गोल फिरतात. आणि लबाड कारागीर समोर दिसतं तेवढंच घासतो! म्हणून आम्ही तांबट कुणाचंही भांडं हातात घेतलं, की आधी उपडं करून बघतो!"

सरकार असे हसले, असे हसले, की मिशा नाचायला लागल्या. माईक चालूच होता. पूर्वेकडून हसले, पश्चिमेकडूनही हसले! मैदानात माती खणणारे पैलवान कुदळी टाकून बघत राहिले.

"माग, काय मागतेस?"

"देवडीच्या आतली ओवरी. उन्हात बसून डोळे जातात."

"दिली! आणि पिंगळे, तुमचा तो पॉलिश पेपर इथंच ठेवून जा. तालमीच्या घागरी काळ्या पडल्यात. बाहेरून घासा, आतून घासा, आणि सुंद्रा उपड्या करून बघेल!"