पोलोच्या मैदानावरची दीक्षा

"पण आक्का, माझं आता सुटायचं राहिलंय तरी काय?"

हेर्लेकर मास्तर मठाच्या ओसरीवर ताठ बसले होते. समोर मठाच्या गुरू हौसाआक्का शेंगा फोडत होत्या.

"गोड सोडलं. गाणं सोडलं. दोन वर्षांत एकदाही हसलो नाही. कशातच मन रमत नाही माझं. यालाच वैराग्य म्हणतात ना? मग दीक्षा का देत नाही?"

आक्कांनी एक दाणा तोंडात टाकला.

"खवट हाय," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

मास्तर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गार्गी रक्ताच्या आजारानं गेली. तेव्हापासून ते दर रविवारी मठात येत आणि दर रविवारी भगवं मागत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मठातली मंडळी मागून म्हणायची. पण त्यांचा चेहरा पाहिला की थट्टा करणाऱ्यालाच वाईट वाटायचं. माणूस आतून करपला होता आणि त्या करपण्याचाच त्याला अभिमान वाटू लागला होता.

"शालन काय म्हनती?" आक्कांनी त्यांच्या बायकोबद्दल विचारलं.

"तिचं बरं चाललंय." मास्तरांचा आवाज कडू झाला. "ज्या वॉर्डात गार्गी गेली, तिथंच जाते ती. मुलांना गोष्टी सांगते. त्यांच्याबरोबर हसते. कसं हसवतं तिला, कोण जाणे. मी तिच्याशी त्यावर बोलत नाही."

"मग कशावर बोलतोस?"

मास्तर खाली पडलेली टरफलं गोळा करू लागले.

आक्का पदर झटकून उठल्या.

"चल. आज छावणीच्या मैदानावर पोलो हाय. घोड्यावरनं चेंडू मारत्यात म्हनं. त्या वॉर्डासाठीच चाललंय समदं. शालननं पास धाडल्यात."

"पोरं तिथं सुया टोचून घेतायत आणि त्यांच्या नावानं आपण मजा बघायची?" मास्तर म्हणाले. "दान करायचं तर गुपचूप करावं. पाकीट द्यावं आणि परत यावं."

"पाकीट मी बी दिलंय," आक्का म्हणाल्या. "पर मला घोडी बघायची हायेत."

गुरूनं चल म्हटल्यावर जावं लागतं. मास्तर गेले.

मैदानावर जत्रा भरली होती. रुंद काठाच्या टोप्या, रंगीत छत्र्या, छावणीचा बँड. एका बाजूला वॉर्डाचं टेबल होतं आणि त्यामागं शालन कोकम सरबत देत उभी होती. मास्तरांनी ती बाजू टाळली. ते आक्कांना घेऊन समोरच्या अंगाला, दोरीलगत बसले.

पहिला घोडा समोरून दौडत गेला आणि आक्का उभ्याच राहिल्या.

"आरं, पळीव की रं तिला! पेंड खाऊन आलीय का काय?"

आणि तोंडात बोटं घालून त्यांनी शिट्टी मारली. भगवं लुगडं, पांढरे केस आणि ती शिट्टी. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आक्का, लोक बघतायत."

"बघू देत की. बघायलाच आल्यात."

थोड्या वेळानं आक्का खाली बसल्या.

"मास्तर, ह्यातलं निळं कुनीकडं मारत्यात रं? मला उमगंना."

आता शिष्याला विचारलं म्हणजे उत्तर द्यायला हवं, आणि उत्तर द्यायचं तर बघायला हवं. मास्तरांनी नाइलाजानं मान वर केली. जरा वेळ निरखून पाहिलं.

"निळे चिंचेच्या झाडाकडच्या गोलात मारतात. पिवळे कमानीकडच्या."

"असं व्हय."

"आणि आडवं घुसायचं नाही. जो चेंडूच्या रेषेत आहे, त्याला वाट द्यायची."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची मास्तरांची जुनी खोड. ते बोलत राहिले आणि आक्का माना डोलवत राहिल्या.

निळ्यांनी चिंचेकडे गोल मारला. मास्तरांचा हात थाडकन मांडीवर पडला... लगेच त्यांनी तो मांडीखाली दाबला. मान खाली घालून चष्मा पुसत बसले, चोरी पकडल्यासारखे.

चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला तेव्हा खेळ रंगात आला होता. चेंडू चिंचेकडेच घरंगळत होता. एक निळा घोडेस्वार त्याच्यामागं भरधाव सुटला, पोचला, आणि वळून त्यानं चेंडू उलटा कमानीकडे हाणला!

मास्तर ताडकन उठले.

"अहो, उलट काय मारताय! गोल तिकडे आहे! चिंचेकडे! डोकं ठिकाणावर आहे का? चिंचेकडे मारा!"

आसपास जो हशा फुटला, त्याला तोड नव्हती.

चेंडू मैदानाबाहेर गेला होता. तो घोडेस्वार दोरीजवळून परत फिरत होता. त्यानं काठी कपाळाला टेकवली.

"काका, गोल झाला की बाजू बदलतात पोलोत! चिंचेकडचा गोल आता आम्हीच राखायचा!"

मास्तर उभेच होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. आधी त्यांचे कान लाल झाले. मग श्वास अडकला. खांदे हलायला लागले. आणि छातीतून एक विचित्र, उंच आवाज निघाला, थांबेचना. बाबा हसत नाहीत, खिंकाळतात, असं गार्गी म्हणायची. दोरीजवळच्या एका घोडीनं खरोखरच कान टवकारले.

पलीकडे सरबत ओतता ओतता शालनचा हात थांबला. ते हसणं कुणाचं, हे तिला गर्दीत कुणी सांगावं लागलं नाही.

हसता हसता मास्तर मटकन खाली बसले. आता ते रडत होते.

"आक्का... मी हसलो."

"ऐकलं की. निम्म्या गावानं ऐकलं."

"मला वाटायचं, मी हसलो की ती खरंच गेली असं होईल. म्हणून दुःख जपून ठेवलं होतं हो... एवढंच उरलं होतं तिचं माझ्याजवळ."

आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. त्यांचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. समोर घोडी पळत होती, लोक ओरडत होते.

"गेलं सगळं," मास्तर म्हणाले. "दोन वर्षांचं वैराग्य एका गोलात गेलं. आता दीक्षा मिळायची नाही ना मला?"

आक्कांनी समोर पाहिलं. शालन टेबल सोडून निघाली होती. दोरीच्या कडेकडेनं, छत्र्या बाजूला सारत, भराभरा इकडेच येत होती.

"आता मिळंल की," आक्का म्हणाल्या. "आत्ता कुठं तुझ्याजवळ सोडण्याजोगं काय तरी आलंय... ती आलीच बघ. तिला इचार, सोडू का म्हून."