रेमीचा कडू वाफा

पुढे या, पण बांधावरूनच चाला. मिठागराच्या कोपऱ्यातला हा वाफा बघा. बाकीच्या वाफ्यांतलं मीठ ओढून ढीग लागलेत, ह्यातलं तसंच पडून आहे. दिसायला तेच, पांढरंशुभ्र. चिमूटभर जिभेवर ठेवता? नको? बरं केलंत, कडूजहर आहे. हे मीठ आम्ही विकत नाही, घरातही नेत नाही. फक्त गुड फ्रायडेला गावातल्या प्रत्येक पोराच्या जिभेवर ठेवतो. पोरांच्या समोर केळीच्या पानावर गुळाचं सांदण असतं आणि बायका पाण्याने भरलेले हंडे घेऊन पुढून जात असतात. पाहुणे म्हणतात, किती निर्दय आहात तुम्ही. आहोतच. कसे झालो ते ऐका.

बांधावरच्या ह्या क्रूसाशी मी दिवा लावतो. माझा बापही लावायचा. त्याने सांगितलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

फार जुन्या काळी इथे इनास नावाचा मास्तर होता म्हणे. पोरांना धर्मशिक्षण द्यायचा. माणूस देवभीरू, पण हाताने आणि जिभेने कडक. नुसतं सांगून पोरांना प्रभूचं दुःख कळत नाही, पोटाला कळलं पाहिजे, असं त्याचं मत. म्हणून गुड फ्रायडेला सकाळी त्याने उपाशी पोरांना ओळीने बसवलं आणि प्रत्येकापुढे एकेक सांदण ठेवलं. तांदळाचं, गूळ घातलेलं, वाफ निघणारं. प्रभूने प्राण सोडला त्या वेळेपर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, नुसतं बघायचं, असा हुकूम केला आणि तो क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेला.

मास्तरचा स्वतःचा मुलगा जुजे ओळीत होता. त्याला धीर धरवेना. त्याने आपलं सांदण खाल्लं. खाल्ल्यावर बापाचा हात आठवला, तसं शेजारच्या रेमीचं उचलून आपल्या पानावर ठेवलं. ही रेमी आईबाप नसलेली, मिठागरात राबणाऱ्या कासूमावशीने वाढवलेली. सगळ्या पोरांनी हे पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

मास्तर परत आला. रेमीचं पान रिकामं.

"मी नाय खाल्लं," रेमी म्हणाली.

"मग कोनी खाल्लं?" मास्तरने ओळीकडे बघून विचारलं.

आणि सगळ्या पोरांनी रेमीकडे बोट केलं. मला मास्तरचा राग येतो, पण त्या बोटांचा जास्त येतो. जुजेला सगळे भीत होते, रेमीला भिण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

मास्तरने तिला ह्या बांधावर आणलं. वाफ्यातलं मूठभर मीठ तिच्या तोंडात कोंबलं, आणि गिळल्यावर आणखी एक मूठ. मग तीन वाजेपर्यंत उन्हात उभं केलं. पाप कसं दिसतं ते गावाने बघावं, असं म्हणाला. गावाने बघितलं. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेहून परतणारी माणसं ह्याच बांधावरून गेली. प्रभूसाठी रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. एकानेही तिच्यासाठी मास्तरला अडवलं नाही.

कासूमावशी हंडा घेऊन आली.

"मावशे, पानी दे," रेमी म्हणाली.

मावशी थांबली. मास्तर बघत होता. मिठागरातलं काम त्याच्याच शब्दावर मिळत असे. "मास्तरांना इचार," असं म्हणून ती पुढे गेली.

तीन वाजता घंटा झाली. पोरांनी आपापलं सांदण खाल्लं, बोटंसुद्धा चाटली म्हणतात. जुजेनेही रेमीचं खाल्लं. मग कोणीतरी तिला बोलवायला गेलं, तर ती ह्या वाफ्यात पालथी पडली होती. उचलली तेव्हा अंगात जीव नव्हता.

त्या दिवसापासून ह्या वाफ्यातलं मीठ कडू झालं. पाणी बदललं, गाळ उपसला, पाद्रींनी तीर्थ शिंपडलं. काही उपयोग झाला नाही.

पुढल्या वर्षी मास्तरने पुन्हा पोरं बसवली, पुन्हा सांदणं वाढली. शिकवण थांबता कामा नये ना. रेमीची जागा ओळीत रिकामीच राहिली होती. जुजे उठला, आपलं सांदण तिथे ठेवलं आणि म्हणाला, "बा, मीच खाल्लं होतं. तिचं उचलून माझ्या पानावर ठेवलं होतं." आणि मग, इतक्या उशिरा, बाकीची पोरं म्हणाली, "आम्ही बघितलं होतं."

मास्तर उठला. ह्या वाफ्याशी आला, कडू मीठ मुठीने तोंडात भरलं आणि बांधावर उभा राहिला. गाव त्याच्यापुढून गेलं. आता गावाला फार राग होता, आणि राग असला की हंडा खाली ठेवायची गरज वाटत नाही. मास्तर गुडघ्यावर आला तरी कोणी थांबेना. शेवटी जुजे कासूमावशीच्या वाटेत आडवा झाला.

"मला नको. ह्याला पानी दे," तो म्हणाला.

मावशीने आधी वाफ्याकडे बघितलं. मग तोंड फिरवून तिने हंडा कलता केला. मास्तर वाचला. पण मरेपर्यंत त्याला कडू सोडून दुसरी चव कळली नाही, असं सांगतात.

तेव्हापासून ही रीत आहे. आज गावात विचारा, मास्तरच्या घराण्यातला एकही माणूस सापडणार नाही. बोट दाखवणाऱ्यांच्या आणि हंडा घेऊन पुढे गेलेल्यांच्या घराण्यातलाही नाही. मग हे एवढं गाव आलं कुठून, ते देवालाच ठाऊक.

आजही गुड फ्रायडेला पोरं ओळीने बसतात. एक पान रेमीचं असतं. जिभेवर मीठ पडल्यावर पाद्री विचारतात, प्रभूला कोणी मारलं? दुसऱ्या गावची पोरं पटकन सांगतात, शिपायांनी. आमची पोरं खाली बघतात. स्वतःसाठी पाणी मागणाऱ्याला मिळत नाही. एका पोराने दुसऱ्याकडे बोट करून "ह्याला पानी द्या" म्हटलं, की सगळे हंडे खाली येतात. मग सगळ्यांनी प्यायचं, आणि ईस्टरला पोटभर सांदण खायचं.

काही वर्षी हे लगेच होतं. गेल्या वर्षी तीनची घंटा झाली तरी कोणी तोंड उघडलं नाही. पोरं रडत होती, पण प्रत्येक जण स्वतःसाठी. आया पदराने डोळे पुसत होत्या, आणि हंडे डोक्यावरच होते.

उद्या शुक्रवार आहे. तुमचीही पोरं बसवा. मीठ भरपूर आहे.