डोहाईचं माहेर

एकदा काय झालं, एका गावात येसू नावाची सून होती. तिला आई नव्हती, बाप नव्हता, भाऊ नव्हता. पंचमी आली की घरोघरी मुराळी यायचे आणि सुनांना माहेरी घेऊन जायचे. येसू तेवढी मागे राहायची. मग ती नदीवर जायची आणि दगड वेचत बसायची. काळे, पांढरे, रेघारेघांचे. कोनाडाभर दगड होते तिच्याकडे, बरं का.

गावाच्या डोहाकाठी डोहाई देवी होती. देवी म्हणजे शेंदूर फासलेला दगडच. एके दिवशी तिच्यावरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. बघतात तो आतला दगड गुलाबी! आणि गावातला खडक तर सगळा काळा कुळकुळीत. लोकांनी हात जोडले. येसूनं मात्र त्या दगडावरून हात फिरवला.

"अगं बाई, म्हणजे ही इथली नव्हेच!" ती म्हणाली. "हीसुद्धा सासरी आलीय. आणि हिला न्यायला कधीच कुणी आलं नाही."

"मग शोध की तिचं माहेर," सासूबाई म्हणाल्या. "पण पंचमीच्या आत घरी ये हो."

कवचाबरोबर एक गुलाबी कपची निघाली होती. ती पदराला बांधून येसू नदीच्या कडेकडेनं वर निघाली.

वाळूत हरभऱ्याएवढा गुलाबी खडा दिसला. अगदी गुळगुळीत. येसूनं विचारलं, "बाबा, तुझं गाव कुठलं?" खडा म्हणाला, "मी फार झिजलोय गं. काही आठवत नाही. पाण्यानं आणलं, एवढंच ठाऊक."

मग ती आणखी वर गेली. तिथे दोन ओढे मिळत होते. येसू गेली उजव्या ओढ्यानं, आणि बघते तर सगळे काळेच दगड! दिवस फुकट गेला. ती रडकुंडीला आली, पण परत फिरली आणि डावा ओढा धरला. तिथे लिंबाएवढा गुलाबी गोटा होता. तो म्हणाला, "बरोबर आलीस. मला डोंगर आठवतो, पण अंधुक."

मग आणखी वर. तिथे होता नारळाएवढा गुलाबी धोंडा. येसू टेकायला गेली, तर टोचला! "कोपरे बघ माझे," धोंडा ऐटीत म्हणाला. "अजून झिजले नाहीत. कालच घरातून निघालोय." हसतोस काय रे? दगडांचा काल म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीच्याही आधीचा.

येसूनं मान वर केली. समोर अख्खा डोंगर गुलाबी! तिनं कपची त्याच्या अंगाला लावून पाहिली. रंग तोच, कणही तसेच. डोंगर शहारला.

"माझी लेक! पुरात वाहून गेली होती. सुखात आहे ना?"

"सुखात आहे. पण तिला न्यायला कुणी येत नाही."

"आणि तू गं कुणाची?"

"मला माहेरच नाही," येसू म्हणाली. डोंगर म्हणाला, "मी कधी चाललो नाही बाई. पण बघतो."

येसू घरी आली. पंचमी उजाडली, सगळ्या सुना माहेरी गेल्या. येसू चुलीपाशी बसून राहिली. तोच धम्म, धम्म, जमीन हादरायला लागली. दारात एक धिप्पाड म्हातारा उभा. अंगभर गुलाबी धूळ, आणि खांद्यावर डोहाई! सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. घागरींवर घागरी रिकाम्या झाल्या, अंगणभर गुलाबी चिखल झाला, तरी त्याचे पाय काही धुऊन होईनात.

सासूबाईंनी विचारलं, "देवीला न्यायला आलात होय?"

"दोघींना," म्हातारा म्हणाला. "माझ्या दोन लेकी आहेत ना या गावात."

येसूला आनंदानं रडूच फुटलं. मग ती माहेरी गेली, डोहाईही गेली. झोके घेतले, पुरणाचे दिंड खाल्ले, आणि दोघी सुखानं सासरी परत आल्या. तेव्हापासून एकही पंचमी चुकली नाही.

चला, मिटा डोळे. डोंगरही निजलाय आता, दमला बिचारा चालून चालून.