पहिली पंगत

“…म्हणजे मी मरावं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मिहिरराव टिपणीसांचा आवाज एकदम चढला, तशी मठाच्या ओसरीवर पत्रावळी मांडणारी माणसं थबकली. मग पुन्हा कामाला लागली.

मठ सांभाळणारी गोदामाय कोथिंबीर निवडत बसली होती.

“मी कुठं काय म्हटलं?” ती म्हणाली. “मघापासून तुम्हीच बोलताय.”

आणि ते खरंच होतं. माय काही म्हणालीच नव्हती.

सकाळी मठात पाऊल टाकल्यापासून मिहिररावांची पंचाईत झाली होती. पाया कुणी कुणाच्या पडायचं? ते वयानं सव्वाशेच्या पुढचे, पण चेहरा तिशीतला. माय सत्तरीची, पण दिसायला त्यांची आजी. शेवटी दोघांनी नुसते हात जोडले.

मायनं नवकाया कधी घेतलीच नाही. सगळं जग घेत होतं. दहा-बारा वर्षांनी एकदा केंद्रात जायचं, आठवडाभर झोपायचं, आणि उठायचं ते तरणंताठं होऊन. तुम्ही का नाही घेतली, असं कुणी विचारलं, की माय म्हणे, “कंटाळा.” तालुक्यात सुरकुत्या म्हणून उरल्या होत्या त्या तिच्याच तोंडावर. लोक मुद्दाम बघायला येत.

मिहिरराव त्यासाठी आले नव्हते. त्यांना मायकडून एक काम करून हवं होतं.

“शर्वाणी तुमचं ऐकते,” ते म्हणाले. “तिची समजूत घाला. मूल झालं नाही म्हणून काय आयुष्य फुकट जातं? बाकीच्या बायका नाहीत का आनंदात?”

शर्वाणी ही त्यांची पणती. चाळिशी उलटलेली. नवकायेनं गुडघे परत येतात, दात येतात, केसांचं तर विचारूच नका. बाईची कूस मात्र परत येत नाही. झालं तर या वर्षात, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

त्यात कायदा असा, की ज्या घरातून कुणी गेलं नाही, त्या घरात कुणी यायचं नाही. मरतच नाहीत म्हटल्यावर माणसं ठेवायची कुठं? घरातल्या एकानं केंद्रात जाऊन ‘यापुढे घेत नाही’ असं सांगितलं, की त्याच दिवशी घराला एका मुलाची परवानगी मिळे. आधीच्या नवकायेची मुदत संपली, की सांगणारा मग दोन-तीन महिन्यांत शांतपणे आटपे. पण असं सांगणारा कुणी निघायला हवा ना! पंचक्रोशीतली शाळा बंद पडून जमाना झाला होता. त्याच इमारतीत आता केंद्र होतं.

मिहिररावांची पुढची नवकाया आठवड्यावर आली होती.

“ती मागते का तुमच्याकडे?” मायनं विचारलं.

“मागेल कशी? तोंडातून शब्द काढत नाही.”

“मग?”

मिहिररावांनी ओसरीकडे एकदा बघून घेतलं.

“मी शिंकलो की वर बघते,” ते म्हणाले.

माय हसली नाही. तिनं कोथिंबिरीची एक पिवळी काडी बाजूला टाकली.

“आणि माझ्याच मागं का सगळे?” मिहिरराव उसळून म्हणाले. “मुलगा आहे, नातू आहे. त्यांनाही विचारून बघितलं मी.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, वडीलधाऱ्यांच्या आधी जाणं बरं दिसत नाही.”

…

“मुलगा शंभरीच्या पुढं गेलाय, माय. अजून दाराला रंग द्यायचा तरी मला विचारून देतो. मी गेलो तर हे घर चालवणार कोण? घरातल्या जुन्या गोष्टी कुणाला ठाऊक आहेत माझ्याशिवाय? आणि शर्वाणीवर माझा जीव नाही असं थोडंच आहे? खांद्यावर घेऊन वाढवलीय तिला. तिचं केवढं केलंय मी…”

हे ते मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. एवढी वर्षं जगूनही भीती तसूभर कमी झाली नव्हती, उलट वाढलीच होती. ही गोष्ट ते मायलाच काय, स्वतःलाही सांगत नसत.

“जेवून घ्या,” माय उठत म्हणाली. “मग बोलू.”

त्या दिवशी मठात मूळपुरुषाची पुण्यतिथी होती. उत्सवाला गावजेवण असे. ओसरीवर एका वेळी मावतील तेवढे बसत, आणि बाकीचे अंगणात थांबत. मठाचा एक रिवाज फार जुना होता. पंगतीत वयानं जो सगळ्यात मोठा, त्यानं शेवटी हातावर पाणी घेऊन प्यायचं. उत्तरापोशन. ते झालं की पंगत उठायची. त्याआधी कुणी पाट सोडायचा नाही, मग हात वाळो नाहीतर पाय अवघडो.

त्या पंगतीत मिहिररावांहून मोठं कोण असणार? त्यांना मानानं पहिल्या पाटावर बसवलं. त्यांनीही तो मान सवयीनं घेतला.

वाढायला शर्वाणी होती. आलेल्या घरांतल्या लेकीबाळींनी पहिल्या पंगतीला वाढायचं आणि दुसरीत बसायचं, हे ठरलेलंच. पदर खोचून ती वरण घेऊन आली, भाजी घेऊन आली, जिलेब्या घेऊन आली. पंगत जेवली. हळूहळू ढेकरा आल्या. पत्रावळी रिकाम्या झाल्या.

मिहिररावांनीही हात आवरता घेतला होता. तेवढ्यात माय त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“शर्वाणी, जिलेबी आण गं.”

“छे छे, पुरे,” मिहिरराव म्हणाले.

“असं कसं? पाहुणे तुम्ही.”

शर्वाणीनं जिलेबी वाढली. आग्रहाला नाही म्हणायचं नसतं. त्यांनी खाल्ली.

“मठ्ठा आण.”

मठ्ठा आला.

“मसालेभात आण. गरम आण.”

मसालेभात आला. पंगतीत कुणी मांडी बदलली, कुणी खोकलं. मिहिररावांचा मुलगा चार पाट सोडून बसला होता, पत्रावळीवरची मिठाची रेघ बोटानं पुसत. अंगणात भर दुपारच्या उन्हात दुसऱ्या पंगतीची माणसं उभी होती. सावली भिंतीला चिकटली होती, आणि माणसं त्या सावलीला.

“माय,” मिहिरराव हळूच म्हणाले. ते काही दुधखुळे नव्हते. “हे जेवण नाही. ही शिकवणी चाललीय माझी.”

“कळलं का तुम्हाला?”

“कळलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“छान झालं,” माय म्हणाली. “मग वाढू का अजून?”

…

मिहिररावांनी मान वर केली. समोर शर्वाणी उभी होती, हातात भाताचं पातेलं. कपाळावरचा घाम गालापर्यंत आला होता. सकाळपासून ती उभीच होती.

“तू जेवलीस का गं?” त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“तुमचं झालं की,” ती म्हणाली.

साधंच बोलली ती. रोज कुठल्याही घरात कुठलीही बाई बोलते, तसंच. पण मिहिररावांना त्यात दुसरंच ऐकू आलं. त्यांनी तिच्या डोळ्यांत राग शोधला, निदान थोडीशी आशा तरी शोधली. राग नव्हता. आशा होती, आणि ती तिला लपवता येत नव्हती.

त्यांचा डावा हात तांब्याकडे गेला.

सगळ्या पंगतीनं वर बघितलं. त्यांच्या मुलानं बघितलं, नातवानं बघितलं. अंगणातल्या माणसांनीही माना उंचावल्या. नुसतं तळहातावर पाणी घ्यायचं होतं. पंगत उठायची, एवढंच. पण आता ते एवढंच राहिलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि शर्वाणीलाही.

तांब्या गार होता. त्यांनी तो उचलला. त्यात थोडं पाणी हललं.

त्यांना आठवड्यावर आलेली तारीख आठवली. तो स्वच्छ बिछाना, ती झोप, आणि जाग आल्यावर अंगात भरून येणारं ते नवं बळ. किती गोड असतं ते! आणि न घेतलं तर? तर पुढं काय? कुणाला ठाऊक होतं पुढं काय? सांगायला एक माणूस परत आला नव्हता.

अहो, तिशीतला हात तो, पण तेवढा तांब्या पेलवेना.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“थोडा भात वाढ,” ते पत्रावळीकडे बघत म्हणाले.

शर्वाणीनं वाढला. एक शीतसुद्धा बाहेर सांडू दिलं नाही. पातेलं खाली ठेवलं, खोचलेला पदर सोडला, तोंड पुसलं, आणि अंगणात जाऊन तिनं चपला घातल्या.

“शर्वाणी…” मिहिररावांनी हाक मारली.

ती थांबली. मागं वळून तिनं नमस्कारही केला, वडीलधाऱ्यांना करतात तसा. मग गेली.

माय स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, “चूल विझवा. आज दुसरी पंगत नाही.”

अंगणातली माणसं एकेक करून निघाली. एक म्हातारपण विसरलेली बाई जाताना जरा जोरातच म्हणाली, “एवढा वेळ उभं तरी कशाला केलं मग?” ओसरीवरचे लोक तसेच बसून राहिले, वाळल्या हातांनी. उठता येत नव्हतं.

मिहिररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते भात कालवत होते. रडत होते आणि कालवत होते, आणि घास तोंडात घालत होते.

“माय,” ते म्हणाले, “काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर…”

गोदामाय तुपाचं भांडं घेऊन आली. वाकली. त्यांच्या भातावर स्वतःच्या हातानं तुपाची धार धरली, चांगली सढळ.

मग समोर उभी राहून तिनं हात जोडले.

“सावकाश होऊ द्या.”