खालच्या खोलीतली भाकरी

"रिकामी नाही म्हणजे? आत आहे तरी कोण, बाबा?"

रेवणनं हे विचारलं तेव्हा टळटळीत दुपार होती. कड्यावर एक पाखरू हलत नव्हतं. खालच्या खोलीला बाहेरून कडी होती, आणि मठाचे बाबा त्या कडीकडंच बघत बसले होते.

"बसलाय एक जण," बाबा म्हणाले. "अभ्यास करतोय."

डोंगरावरच्या या मठात भाकऱ्या थापण्याचं काम माझ्याकडं. त्यामुळं रेवण मला नवा नव्हता. मागच्या उन्हाळ्यात तो महिनाभर याच खोलीत राहून एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करून गेला होता. दोन मार्कांनी राहिला. आता पुन्हा तीच परीक्षा, येत्या रविवारी. यंदा नाही जमलं तर मामाच्या वीटभट्टीवर जायचं, असं घरी ठरलेलं.

मागच्या वर्षी हा पोरगा उंबऱ्याला बोटं लावून, ती कपाळाला टेकवून आत यायचा. यंदा त्यानं नवे बूट काढले आणि उंबरा तसाच ओलांडून आला.

"मला तीच खोली पाहिजे. पाच दिवस फक्त," तो म्हणाला. "यंदा माझी तयारी वेगळी आहे बाबा. मागच्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. मागचा रेवण येडा होता."

"येडा?"

"मूर्ख. भित्रा. त्याचं नावच काढू नका."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "त्याला ऐकू जातं."

रेवण माझ्याकडं वळला. "काका, बाबांचं वय झालं का हो?"

मी काय सांगणार... वर्ष झालं, रोज दोन भाकऱ्या आणि ठेचा ताटात घालून मी त्या खोलीच्या झरोक्यात ठेवतो. बाबांनी सांगितलंय म्हणून. संध्याकाळी ताट रिकामं असतं. मी कधी आत वाकून पाहिलेलं नाही.

"मुंगूस येतं खायला," मी म्हणालो.

"मुंगूस ताट धुऊन ठेवत नाही," बाबा म्हणाले.

तेही खरंच होतं.

तेवढ्यात खोलीत कुणीतरी पान उलटलं.

मग पुटपुटणं आलं. अगदी हळू.

"बी... नाही, नाही. सी."

जरा थांबून पुन्हा तेच.

"बी... नाही, नाही. सी."

रेवण दाराशी गेला.

"हे कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "पेपरची शेवटची दोन मिनिटं राहिली होती. बीच बरोबर होतं, मी तेच निवडलं होतं. मग भ्यालो, आणि बदललं... आईलासुद्धा सांगितलं नाही मी हे."

"वर्षभर हेच चाललंय त्याचं," बाबा म्हणाले. "पुढचा प्रश्न काही येत नाही."

"पण तो इथं कसा? मी तर गेलो होतो!"

"जाताना काय म्हणून गेलास?"

रेवण आठवत राहिला. मला लगेच आठवलं. त्या दिवशी त्याला सकाळची एसटी धरायची होती आणि बाबा पूजेला बसले होते. आपल्यात माणूस निघताना 'येतो' म्हणतो, आतलं कुणीतरी 'ये' म्हणतं, मगच पाय उचलायचा. हा बॅग घेऊन तसाच पळाला होता.

"काहीच नाही," तो म्हणाला. "घाई होती."

"निरोप घेतला नाहीस," बाबा म्हणाले. "मग गेलं कोण?"

...

बाबांनी माझ्या हातातलं, झरोक्यासाठी वाढलेलं ताट घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"मूर्ख असेल, भित्रा असेल. पण आज जेवायचा राहिलाय. तू वाढ."

रेवणनं ताट घेतलं. त्यानं कडी काढली.

मला उघड्या दारातून दिसलं ते एवढंच... एक सतरंजी. खोलीभर वर्षाची धूळ, आणि सतरंजीवर एका माणसाच्या बैठकीएवढी जागा स्वच्छ.

त्या जागेसमोर त्यानं ताट ठेवलं. शेजारी बसला.

दार लोटलं गेलं. वारा नव्हता.

आधी एकच आवाज येत होता. मग दोन झाले. एक विचारायचा, एक सांगायचा. मध्येच कुणीतरी रडलं. बऱ्याच वेळानं कुणीतरी हसलं. माझे हात पिठात तसेच राहिले.

ऊन भिंतीवरून उतरलं.

"बी," आतून आलं. एकदाच.

मग सगळं गप्प.

दार उघडून रेवण बाहेर आला. हातात धुतलेलं ताट होतं. त्या खोलीत पाणी नाही.

"पाच दिवस राहणार होतास ना रे?" मी विचारलं.

"नको, काका. झालं." आवाज मऊ होता, मागच्या वर्षी असायचा तसा. मग तो बाबांकडं वळला. "येतो, बाबा."

"ये."

तो वाकला. उंबऱ्याला बोटं लावली, कपाळाला टेकवली आणि पायऱ्या उतरत गेला. दिसेनासा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, नवे बूट दाराशीच राहिले होते.

बाबा उठले. खोलीची कडी बाहेरून घातली.

"आता उद्यापासून झरोक्यात भाकरी नको ना ठेवू?" मी विचारलं.

बाबा दाराला कान लावून उभे होते.

"दोनाच्या तीन कर," ते म्हणाले. "आज जो राहिलाय, त्याला भूक जास्त आहे."