नीरावतीच्या तीनशे साळुंक्या

एका राज्यात, सात डोंगरांच्या कुशीत, नीरावती नावाची नगरी होती. राज्य कोणतं ते विचारू नका. नगरीचं नाव घेतलं की राज्याचं नाव आपोआप मागे पडे, असा तिचा डौल होता. काळ्या पाषाणाचा परकोट आणि परकोटाला सात दरवाजे. दरवाजे भारी समंजस. उंट आला की कमान वर उचलून घेत, काठी टेकत म्हातारा आला की उंबरा खाली करत. रस्त्यांना अंगठाभर उतार दिलेला, त्यामुळे पावसाचं पाणी कुठे थांबेल तर शपथ. रोज सकाळी झाडलोट करायला चार वारे चाकरीला होते. त्यातला पूर्वेचा वारा जरा आळशी, पण त्यालाही कुणी कधी कामावरून काढलं नाही. आग लागलीच तर म्हणून एक मोठा ढग उत्तर बुरुजाला साखळीने बांधून ठेवलेला असे. उत्तरेच्या थोरल्या तळ्यातून खापरी नळांनी घरोघर पाणी येई, आणि वाटेत पाण्याला दम खाता यावा म्हणून चौकाचौकात उंच दगडी मनोरे उभे होते, त्यांना उसासे म्हणत.

हे सगळं खरं, पण नीरावतीचा खरा अभिमान निराळाच. तो म्हणजे तिच्या तीनशे साळुंक्या. दिवसभर त्या नगरीवरून फिरत आणि जिथे उणं दिसेल तिथे चौकातल्या उसाशावर बसून ओरडत, "कुंभारआळीत नळ गळतो! शिंपीगल्लीत दिवा विझला!" ओरड झाली की त्या त्या खात्याची माणसं अवजारं घेऊन धावत. सावली वीतभर सरकायच्या आत काम झालेलं असे.

नगरी बांधली आणि साळुंक्या दिल्या त्या शिलाधर मांत्रिकाने. देताना त्याने एकच शर्त घातली होती. "यांच्या तोंडी खोटी स्तुती घालू नका. ज्या दिवशी घालाल, त्या दिवसापासून तुमच्याही तोंडून दुसरं काही निघणार नाही."

या पाखरांची शाळा तीस वर्षं तुंगाबाईकडे होती. कमरेला दाण्यांची पिशवी, खांद्यावर पाखरांनी केलेले पांढरे ठिपके, आणि चालण्यात अशी ऐट की समोरून सेनापती आला तरी त्यानेच बाजूला व्हावं. ऐट का नसावी? नगरी नीट चालते ती आपल्या पाखरांच्या जिभेवर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी महाराज सुकेतूंनी तिला बोलावलं. शेजारचे राजे रिपुंजय महिनाभर पाहुणे येणार होते. त्यांना नीरावतीसारखीच नगरी बांधायची होती.

"तुंगाबाई, पाहुण्यांच्या देखत पाखरं 'गटार तुंबलं' असं ओरडणार का?"

"तुंबलं असेल तर ओरडतील, महाराज."

"महिनाभर ओरडू नयेत. त्यांना 'सर्व उत्तम' एवढंच शिकवा."

"शिलाधरांची शर्त आहे, महाराज."

"नगरीच्या अब्रूपेक्षा शर्त मोठी का?"

खरं सांगायचं तर तुंगाबाईलाही ते मनातून पटलं. पाहुणे आले की घरातला केर कोण दाखवतं? तिने आठ दिवस खपून पाखरांना शिकवलं. रिपुंजयांचा हत्ती पूर्वेच्या कमानीखालून आत आला, तेव्हा तीनशे साळुंक्या एका सुरात म्हणाल्या, "सर्व उत्तम! सर्व उत्तम!" लोकांनी फुलं उधळली. त्याच घटकेला शाप लागला.

दुसऱ्या दिवशी एक माणूस पोट धरून वैद्याकडे गेला. "वैद्यबुवा," तो कळवळून म्हणाला, "काय प्रसन्न वाटतंय!" वैद्याने त्याला पेढा देऊन परत पाठवलं. सोनारगल्लीत दोन शेजारणी दातओठ खात एकमेकींना सांगत होत्या, "तुझ्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं!" कोणी तक्रार लिहायला बसला, तर लेखणीतून आरती उतरे. कोणी बोटाने खड्डा दाखवायला गेला, तर दोन्ही हात जोडले जात. परकोटाच्या आत दोष म्हणून काढता येईना. रिपुंजयांचे कारकून मात्र खूश होते. वहीत पानोपान 'उत्तम' लिहीत होते.

अठराव्या दिवशी काळी नावाची थोरली साळुंकी पाखरशाळेत परतली. तिचे पाय चिखलाने भरलेले होते. "भिंत उत्तम! भिंत उत्तम!" असं ती म्हणत होती आणि तिचा आवाज चिरकत होता. उन्हाळ्याचे दिवस, चिखल कुठून आला? तुंगाबाई तिच्या मागोमाग थोरल्या तळ्याच्या भिंतीशी गेली. भिंतीच्या पायाशी, जिथे पाहुणे यायच्या आधी नवे चिरे बसवले होते, तिथे हातभर लांब तडा गेला होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं. भिंतीखाली सखलपेठ. तिथे चार हजार घरं होती, आणि त्यांतलं एक तुंगाबाईच्या लेकीचं.

ती धावत चौकात आली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "काय ही भक्कम भिंत! सुखाने झोपा, लोकहो!"

लोकांनी माना डोलावल्या. कुणाला हाताला धरून परकोटाबाहेर न्यावं, तर "बाहेर चला" म्हणायच्या जागी "याहून सुंदर जागा नाही" निघे. बरं, एकट्या-दुकट्याच्या हातून ती भिंत सावरणार नव्हती. पाचशे माणसं लागणार, आणि पाचशे माणसांना कारण सांगावं लागणार.

तुंगाबाईने काळीला खांद्यावर घेतलं आणि तशीच वेशीबाहेर पडली. शिलाधर मांत्रिक डोंगरातल्या जुन्या खाणीत बसला होता. कमरेपर्यंत त्याचा दगड झाला होता. विश्रांती घ्यायची त्याची तशीच पद्धत होती.

"शाप काढा, महाराज," तुंगाबाई म्हणाली. बाहेर येताच जीभ मोकळी झाली होती. "भिंत फुटायला आली आहे."

"किती दिवस टिकेल?"

"तीन."

शिलाधराने काळीच्या पायात काळा दोरा बांधला. दोऱ्याला तीन गाठी होत्या. "परकोटाच्या आत तीन तोंडांनी तीन खरी वाक्यं बोलायला हवीत. पहिलं शिकवणाऱ्याचं, दुसरं बांधणाऱ्याचं, तिसरं आज्ञा देणाऱ्याचं. दर वाक्याला एक गाठ सुटेल."

"आत तर स्तुतीशिवाय काही बोलताच येत नाही!"

"येतं. एकच वाक्य येतं. ते नगरीत कुणी बोलत नाही, म्हणून तर शाप लागला."

ते कोणतं, असं विचारेपर्यंत शिलाधर गळ्यापर्यंत दगड झाला होता.

तुंगाबाई विचार करत परतली. बाजारातून जाताना तिचं लक्ष कुठलं असायला! एका म्हाताऱ्या भाजीवालीच्या टोपलीवर तिचा पाय पडला आणि वांगी रस्ताभर घरंगळली. म्हातारी कंबर कसून उठली आणि कडाडली, "अहाहा! काय सुरेख पाय टाकलात!"

"चुकलं हो माझं, आजी," तुंगाबाई सहज बोलून गेली. "माझं लक्ष नव्हतं."

मग ती जागच्या जागी थांबली. म्हातारीही थांबली. अठरा दिवसांत नीरावतीत पहिल्यांदाच कुणीतरी मनातलं होतं तसं बोललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या नगरीत अठरा दिवसांत कुणाचं काहीच चुकलं नाही? चुकलं की! पण नीरावतीत खाती होती एकशे आठ, आणि चूक झाली की "ते आमच्या खात्याचं नाही" असं म्हणायची तिथे पिढीजात रीत होती. दुसऱ्याचा दोष काढताना सगळ्यांच्या जिभा स्तुतीकडे वळल्या होत्या. स्वतःचा काढून पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

तुंगाबाईने वांगी वेचून दिली आणि पाखरशाळेत आली. तीनशे पाखरांपुढे उभं राहून बोलणं काही सोपं नव्हतं. ज्यांना तीस वर्षं खरं बोलायला शिकवलं, त्यांच्याच डोळ्यांत बघायचं होतं.

"काळे, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात खोटं मी घातलं. शर्त ठाऊक असून घातलं."

पहिली गाठ सुटली.

दुसऱ्या दिवशी ती पाथरवटांच्या नाईकाकडे, जिवाप्पांकडे गेली. तळ्याची भिंत त्यांच्या हातची. सत्तरीचा माणूस, पण छिन्नी अशी चालवी की दगडाला कळूही नये. तुंगाबाईला त्यांना दोष देता येत नव्हता, दिला असता तर स्तुती झाली असती. म्हणून ती फक्त आपलं बोलली. "जिवाप्पामामा, माझं चुकलं. पाखरांना खोटं मी शिकवलं."

जिवाप्पांच्या हातातली छिन्नी थांबली. तिच्या खांद्यावरच्या काळीच्या चिखलभरल्या पायांकडे त्यांनी पाहिलं.

"चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडायचे आणि पट्टीच्या खाचेत शिसं ओतायचं, ही आमच्या बापजाद्यांची रीत," ते हळूहळू म्हणाले. "बारा सांध्यांत मी शिसं ओतलं नाही. वरून चुना फासला. माझं चुकलं, पोरी."

दुसरी गाठ सुटली. जिवाप्पा रडले, आणि तुंगाबाईने त्यांना रडू दिलं.

तिसऱ्या दिवशी दोघं दरबारात गेली. दरबार भरलेला, महाराजांच्या शेजारी राजे रिपुंजय बसलेले. तुंगाबाई पुढे झाली आणि आपली चूक बोलली. जिवाप्पा पुढे झाले आणि बारा सांध्यांचं बोलले. दरबारी एकमेकांकडे बघू लागले. स्तुती नसलेलं वाक्य ऐकायची कुणाला सवयच उरली नव्हती.

"धन्य! किती ही विनयशील प्रजा!" प्रधान ओरडले. त्यांना दोघांना हाकलून द्यायचं होतं, पण जीभ ऐकेना.

महाराजांचा चेहरा उतरला. "कारण काय झालं, जिवाप्पा?"

जिवाप्पांनी खरं कारण सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं, "महाराजांची तत्परता थोर! पाहुण्यांच्या आधी भिंत पुरी व्हावी ही महाराजांची इच्छा धन्य!"

आयुष्यभर स्तुती ऐकलेल्या सुकेतूंना पहिल्यांदाच एक स्तुती झोंबली. त्यांनी तुंगाबाईकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती. काळीच्या पायातली शेवटची गाठ तशीच होती. तेवढ्यात उत्तरेकडून, तळ्याच्या बाजूने, दगड करकरल्याचा आवाज आला.

त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. सुकेतू सिंहासनावरून उतरले. परक्या राजासमोर, साऱ्या दरबारासमोर त्यांनी मुकुट काढून हातात घेतला.

"पाखरांना खोटं बोलायला लावलं ते मी. भिंत घाईने पुरी करायला लावली तीही मीच. या दोघांनी माझी आज्ञा पाळली. चुकलं ते माझं."

तिसरी गाठ सुटली आणि दोरा गळून पडला. काळीने मान झटकली, पंख पसरले आणि भर दरबारात किंचाळली, "थोरल्या तळ्याची भिंत फुटते! सखलपेठ रिकामी करा!"

पाठोपाठ तीनशे गळे मोकळे झाले. वीस दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "तांबटआळीत गटार तुंबलं! राजवाड्याचं छप्पर गळतं! प्रधानांच्या गल्लीत दिवा नाही!" एवढा कलकलाट नीरावतीने कधी ऐकला नव्हता, आणि एवढा गोडही कधी ऐकला नव्हता.

मग नीरावती कामाला लागली, आणि ती कामाला लागली की बघत राहावं. त्या दिवशी "आमच्या खात्याचं नाही" असं एकशे आठांपैकी एकाही खात्याने म्हटलं नाही. तुंगाबाईच्या लेकीने सखलपेठेतली म्हातारीकोतारी माणसं टेकडीवरच्या धर्मशाळेत पोचवली. शिशाचे गाडे निघाले, तशा दरवाजांनी वाटेतल्या कमानी उंच केल्या. बुरुजावरचा ढग साखळी सोडून तळ्यावर आणला आणि त्याला सांगितलं, "आज ओतू नकोस, पी." त्याने निम्मं तळं पिऊन टाकलं आणि पोट फुगवून बाजूला बसला. उरलेलं पाणी चार वाऱ्यांनी भिंतीपासून मागे रेटून धरलं. पूर्वेचा वाराही त्या दिवशी जीव तोडून झटला. पाचशे पाथरवट तळाशी उतरले. चुन्याच्या घाण्या फिरल्या, भट्ट्या पेटल्या, आणि जिवाप्पांनी बाराच्या बारा सांध्यांत आपल्या हाताने शिसं ओतलं. महाराज सुकेतू रांगेत उभे राहून घमेली पुढे देत होते. त्यांच्या शेजारी तीच वांगीवाली म्हातारी होती, आणि ती त्यांना "जरा भराभर हात चालवा" म्हणून दटावत होती. तिची जीभ आता मोकळी होती ना!

सूर्य कलायच्या आत भिंत उभी राहिली. एक घर बुडालं नाही, एक माणूस गेला नाही.

राजे रिपुंजय चिखलात उभे राहून सगळं पाहत होते. ते म्हणाले, "वीस दिवस तुमच्या कमानी पाहिल्या, उसासे पाहिले. सुंदर आहेत, पण तसे माझेही कारागीर बांधतील. आज मात्र मला तुमचा हेवा वाटला." त्यांनी कारकुनांच्या वह्या मागवल्या, 'उत्तम' लिहिलेली सगळी पानं फाडली आणि पहिल्या पानापासून नव्याने लिहायला सांगितलं.

ते निघाले त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला सारी नगरी पूर्वेच्या दरवाजाशी जमली. हत्ती कमानीखाली आला, आणि नेमकी तेव्हाच काळी उसाशावर बसून खड्या आवाजात ओरडली, "तुंगाबाईच्या दारातली फरशी हलते! तुंगाबाईच्या दारातली फरशी हलते!"

सगळे हसले. महाराजही हसले. तुंगाबाईने मात्र पदर खोचला, मान ताठ केली आणि हत्तीवरच्या राजांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत, महाराज? माझं पाखरू आहे ते!"

मग ती फरशी बसवायला घरी गेली.

नीरावतीची भिंत अजून उभी आहे, पाणी अजून खळाळतं आहे, आणि साळुंक्या अजून खरं बोलतात. तशीच सांगणाऱ्याची जीभ खरी राहो, ऐकणाऱ्यांची घरं नांदती राहोत. आणि या कथेत काही उणं राहिलं असेल, तर चुकलं ते माझं.